वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरचा तास आणि उत्तराची परतीची वाट

ऑनलाइन साधने आणि मोबाइल यांच्या साहाय्याने शिकणे-शिकवणे कसे सुधारता येईल, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती. त्यांतील मुद्दा तेवढा ठेवून ती येथे संक्षेपाने दिली आहेत. धडा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावा कसा, हे बहुतेकांनी विचारले आहे. विद्यार्थ्याला काय कळले आणि काय कळले नाही, हे शिक्षकापर्यंत परत कसे यावे, हे मात्र फार थोड्यांनी विचारले आहे. मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो आणि पुढील उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातील ४० मिनिटांचा तास मोबाइलवर चित्रित करून विद्यार्थ्यांना पाठवते. मेहनत बरीच होते, परंतु पहिल्या काही मिनिटांनंतर बहुतेक मुले व्हिडिओ बंद करतात असे दिसते. मुलांना गोडी नाही असे समजावे का?

तसे समजू नये. आपण वर्णन केलेली गोष्ट प्रौढ आणि स्वेच्छेने शिकणाऱ्या लोकांच्या बाबतीतही दिसून आली आहे. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील चार अभ्यासक्रमांमधील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांची नोंद तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक त्यावर टिकून राहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण आपल्याला धीर देणारे आहे. मोठा खर्च करून स्टुडिओत केलेल्या चित्रीकरणापेक्षा, शिक्षक आपल्या टेबलाशी बसून समोरच्या एका माणसाशी बोलावे तसे बोलत आहेत, असे व्हिडिओ लोकांना अधिक धरून ठेवू शकतात. तेव्हा चांगला कॅमेरा नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

मात्र यावरून ४० मिनिटांच्या व्हिडिओचे सात तुकडे करावेत असा निष्कर्ष काढला, तर फारसे काही बदलणार नाही. वर्गातील तास लांब असूनही चालतो, कारण तिथे आपण मुलांचे चेहरे पाहत असता, मध्येच कोणाला तरी उभे करता, एखादे चुकीचे उत्तर आले की त्याच्या मागे लागता. चित्रीकरणात हे सगळे गळून जाते आणि केवळ आपले बोलणे उरते. म्हणून आधी ठरवावे की या घटकातील नेमकी कोणती गोष्ट शिक्षकाच्या आवाजाशिवाय आणि हातवाऱ्यांशिवाय कळणार नाही. तेवढ्याचाच व्हिडिओ करावा. व्याख्या, आकृतीतील भागांची नावे, सूत्रे ही पुस्तकात असतातच. ती मोबाइलवर वाचून दाखवण्यात कोणाचाच लाभ नाही.

तरंगणे आणि बुडणे हा घटक घ्या. लोखंडाची गोळी पाण्यात बुडते आणि तेवढ्याच लोखंडाची वाटी तरंगते, असे का होते, हा प्रश्न व्हिडिओच्या आधी पाठवावा. प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचे कारण दोन ओळींत लिहून पाठवावे, अशी अट घालावी. चुकले तरी चालेल, पण लिहिलेच पाहिजे. त्यानंतर चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ द्यावा, ज्यात प्रयोग आहे आणि त्याचे स्पष्टीकरण आहे. स्वतःचा अंदाज पणाला लावून बसलेला विद्यार्थी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहील, कारण त्याला स्वतःविषयी काही जाणून घ्यायचे असते. आपल्या हातातही व्हिडिओ पाठवण्यापूर्वीच सर्व मुलांची कारणे आलेली असतात. त्यांतील निम्म्या मुलांनी ‘वाटी हलकी असते’ असे लिहिले असेल, तर व्हिडिओत कशावर बोट ठेवायचे हे आपोआप ठरते. आधी चित्रीकरण आणि मग प्रश्न, हा नेहमीचा क्रम उलटा करणे एवढेच येथे करायचे आहे आणि त्यासाठी कोणतेही नवे साधन लागत नाही.

एक बारीक सूचनाही करतो. पडद्यावर परिच्छेदच्या परिच्छेद दाखवून तेच शब्द मोठ्याने वाचू नयेत. डोळे वाचत असतात आणि कान ऐकत असतात. दोघांचा वेग जुळत नाही आणि मन दोन्हीकडे ओढले जाते. पडद्यावर आकृती असावी आणि शब्द बोलण्यातून यावेत. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांतून निघालेल्या तत्त्वांपैकी हे एक आहे आणि ते अमलात आणण्यास काहीच खर्च येत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. इंटरनेटवरील व्याख्याने पाहताना सर्व काही समजते, काही तर दोन-तीन वेळा पाहतो. परीक्षेच्या वेळी मात्र पाटी कोरी असते. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

आपली स्मरणशक्ती इतर सर्वांसारखीच आहे आणि याचा पुरावा फार जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती काळ टिकतात हे स्वतःवरच मोजले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, ही त्याची मोजपट्टी होती. या पट्टीने पाहता २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के उरत होते, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. विसरणे पहिल्याच दिवशी झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. आपण व्याख्यान पाहून उठता तेव्हा जे समजलेले असते, ते या उताराच्या अगदी माथ्यावर असते आणि म्हणूनच ते पक्के वाटते.

मग व्याख्यान पुन्हा पाहिल्याने काय होते? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांपाशी ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांपाशी ५६ टक्के. आपण जी पद्धत वापरत आहात ती पाच मिनिटांसाठी चांगली आहे आणि परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा व्याख्यान दुसऱ्यांदा पाहण्याऐवजी मोबाइल पालथा ठेवावा आणि जे आठवते ते कागदावर लिहावे. ते अपुरे निघेल, अस्वस्थ करील, पण ते अस्वस्थ होणे हाच त्या कामाचा भाग आहे. नंतर व्हिडिओ उघडून फक्त राहिलेल्या जागा भराव्यात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. तरीही आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना याउलट वाटले. शिकण्याची जाणीव आणि प्रत्यक्ष शिकणे यांत असे अंतर पडू शकते, हे एकदा मनात ठसले की अर्धा घोर कमी होतो.

मोबाइलचा येथे खरा उपयोग आहे तो उजळणीची वेळ सांभाळण्यासाठी. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये कागदी पत्त्यांची एक पद्धत सांगितली होती : एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, बरोबर आलेला पत्ता पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा समोर येतो, चुकलेला पत्ता पहिल्या कप्प्यात परत येतो. हेच काम आता अँकीसारखी मोफत उपलब्ध असलेली प्रणाली करते आणि कोणता पत्ता कोणत्या दिवशी दाखवायचा याचा हिशेब स्वतः ठेवते. पत्ते मात्र आपले आपण तयार करावेत. इतरांनी केलेले हजारो पत्ते उतरवून घेता येतात, पण धड्यातील कोणत्या गोष्टीचा प्रश्न होऊ शकतो हे शोधण्यातच निम्मा अभ्यास असतो आणि तो दुसऱ्याने केलेला असतो. एका पत्त्यावर एकच गोष्ट असावी, आणि उलटण्यापूर्वी उत्तर तोंडाने म्हणावे. ‘हो, हे मला येत होते’ असे मनाशी म्हणून पुढे जाणाऱ्याला या पद्धतीचा काही उपयोग नाही. शब्दसंग्रह, सूत्रे, व्याख्या, सनावळी यांना पत्ते चालतात. सिद्धता किंवा उदाहरणे यांना ते पुरत नाहीत. तिथे व्हिडिओ मध्येच थांबवून पुढची पायरी स्वतः लिहावी आणि मगच पुढे जावे.

प्रश्न : माझ्याकडे तीन तुकड्यांचे मिळून १२० विद्यार्थी आहेत. ऑनलाइन स्वाध्याय दिला तर १२० उत्तरे येतात आणि ती तपासणे अशक्य होते. न तपासता दिलेल्या स्वाध्यायाला अर्थ काय?

हा प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपण प्रत्येक उत्तरावर शेरा लिहिणे म्हणजे तपासणे, असे धरून चालला आहात. ते मोलाचे आहेच, पण दररोज होणारे नव्हे. दररोज हवी असते ती वेगळी माहिती : आज माझ्या वर्गात कोणती चुकीची समजूत किती जणांची आहे?

यासाठी बहुपर्यायी प्रश्न पुरतो, परंतु तो काळजीपूर्वक रचलेला हवा. ०.४५ आणि ०.८ यांपैकी मोठी संख्या कोणती, एवढेच विचारले तर चूक-बरोबर कळते, कारण कळत नाही. त्याऐवजी पर्याय असे द्यावेत : ‘०.४५ मोठी, कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे आहेत’, ‘०.८ मोठी, कारण दशांश स्थानी ८ हे ४ पेक्षा मोठे आहेत’, ‘०.८ मोठी, कारण कमी अंक असलेला दशांश अपूर्णांक नेहमी मोठा असतो’. तिसरा पर्याय निवडणाऱ्याने उत्तर बरोबर दिले आहे, पण त्याची समजूत चुकीची आहे आणि ०.३ व ०.४५ यांची तुलना करताना ती उघडी पडेल. पहिला पर्याय निवडणारा दशांश चिन्हाच्या उजवीकडील अंकांना पूर्ण संख्या समजतो आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ओळखीच्या चुकीचे नाव असावा. असे पर्याय सुचायला वेळ लागतो आणि ते शोधण्याची उत्तम जागा म्हणजे मुलांच्या जुन्या वह्या. अनुभवी शिक्षकापाशी असा साठा मोठा असतो. तो बहुधा कोणी लिहून ठेवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

असा एक प्रश्न रात्री मोबाइलवर पाठवावा. कोणत्याही साध्या ऑनलाइन फॉर्मवर सकाळपर्यंत आलेख तयार असतो. १२० उत्तरे वाचावी लागत नाहीत, प्रत्येक पर्यायाचा एक असे तीन-चार स्तंभ पाहावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशीचा तास सर्वांत उंच चुकीच्या स्तंभापासून सुरू करता येतो. ज्या मुलांनी उत्तर पाठवले त्यांना दिसते की आपल्या उत्तरामुळे आजचा तास बदलला. स्वाध्याय वेळेवर येऊ लागण्यासाठी गुणांच्या धाकापेक्षा हे अधिक काम करते.

वर्गातच मोबाइल किंवा साधे हाताने दाखवायचे कार्ड वापरता येत असेल, तर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ पासून हार्वर्डमध्ये वापरलेली पद्धत करून पाहावी. एक संकल्पनात्मक प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचे. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी आली तर विषय पुन्हा समजवायचा. ७० टक्क्यांहून अधिक आली तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचे. त्यांच्या मधली स्थिती असेल तर बरोबर उत्तर जाहीर न करता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचा आणि पुन्हा उत्तरे घ्यायची. नुकतेच ज्याला समजले आहे त्याला, न समजणाऱ्याची अडचण शिक्षकापेक्षा जवळून दिसते.

सविस्तर लेखी शेरे मात्र सोडू नयेत. आठवड्याला दहा-बारा विद्यार्थी ठरवून घ्यावेत आणि त्यांना लिहून किंवा एक मिनिटाच्या ध्वनिसंदेशातून सांगावे. सत्रभरात सर्वांची पाळी येते.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी इंटरनेट अतिशय मंद आहे, काही घरांत तर साधा, बटणांचा फोन आहे. अशा ठिकाणी मोबाइलवर शिकवण्याच्या गोष्टी बोलणे व्यर्थ नाही का?

व्हिडिओ हाच मोबाइलचा उपयोग मानला तर व्यर्थ आहे. पण फोन हा मुळात बोलण्यासाठी आहे आणि त्या मूळ उपयोगाविषयी आपल्याजवळ चांगला पुरावा आहे. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद असताना बोत्स्वाना देशात सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे साध्या लघुसंदेशाने पाठवली. काही घरांना लघुसंदेशाबरोबर शिक्षकाचा सुमारे १५ ते २० मिनिटांचा फोनही आला, ज्यात पालक आणि मूल दोघे असत आणि लघुसंदेशातील उदाहरण मुलाकडून सोडवून घेतले जाई. फोन आलेल्या मुलांच्या गणितात स्पष्ट सुधारणा झाली. केवळ लघुसंदेश मिळालेल्या मुलांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. फोनवर मूल उत्तर देत होते आणि शिक्षक ते ऐकून त्याला मदत करत होता. लघुसंदेश एकाच दिशेने जात होता.

म्हणून आपल्याकडे जे बटणांचे फोन आहेत ते कमी प्रतीचे साधन समजू नये. आठवड्यातून एक फोन, आधी ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या उदाहरणावर, एवढे करता आले तरी ते अनेक चकचकीत अ‍ॅपपेक्षा भरीव ठरेल. यात शिक्षकाचा वेळ जातो हे खरे आहे आणि तो त्याच्या कामाच्या तासांत धरला जावा, असा आग्रह शाळेपाशी धरला पाहिजे.

जिथे स्मार्टफोन आहे पण डेटा तुटपुंजा आहे, तिथे आकार मोजण्याची सवय लावावी. माणसाचा आवाज सेकंदाला २४ किलोबिट इतक्या कमी दरानेही स्पष्ट ऐकू येतो. त्या दराने दहा मिनिटांचे बोलणे सुमारे १.८ मेगाबाइटमध्ये मावते. तोच मजकूर सेकंदाला ५०० किलोबिट दराच्या साध्याशा व्हिडिओत घातला तर सुमारे ३७ मेगाबाइट लागतात. वीसपट फरक आहे. एक स्वच्छ आकृती आणि तिच्यावर बोट ठेवत चालल्यासारखे समजावणारी ध्वनिफीत ही जोडी मंद जोडणीवर उत्तम चालते. शाळेत एखादा जुना संगणक असल्यास त्यावर कोलिब्रीसारखी मुक्त प्रणाली बसवता येते. धडे आणि प्रश्नसंच एकदाच कुठून तरी उतरवून आणायचे, मग शाळेच्या आवारात इंटरनेट नसतानाही मुलांचे फोन त्या संगणकाला जोडता येतात. मुलांनी काय सोडवले त्याची नोंदही तिथेच राहते.

प्रश्न : आमच्या शाळेला टॅबलेट मिळणार आहेत. त्यांवर कोणते अ‍ॅप घ्यावे?

नाव सांगणार नाही, कारण उपकरण आणि अ‍ॅप यांच्यापासून सुरुवात केल्याने काय होते हे पेरूमध्ये दिसून आले आहे. तेथे मुलांना लॅपटॉप देण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचे मूल्यमापन ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत झाले. मुलांच्या हाती संगणक आले, त्यांचा वापरही वाढला, परंतु गणित आणि भाषा यांच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे संगणकीय प्रणालीचा वापर करून साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी या दोन्हींत लक्षणीय प्रगती झाली. सहावीतील सरासरी मूल गणितात अडीच इयत्तांनी मागे होते आणि नववीपर्यंत ही दरी साडेचार इयत्तांची झाली होती. ती प्रणाली मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येते हे पाहून प्रश्न देत होती. एकाच वर्गात चार-पाच पातळ्यांची मुले समोर असलेल्या शिक्षकाला हे एकट्याने करणे जवळजवळ अशक्य असते. यंत्राचा उपयोग व्हावा तो अशाच ठिकाणी. त्या केंद्रांत मुलांच्या छोट्या गटांबरोबर शिकवणारा माणूसही असे, हे विसरू नये.

तेव्हा विक्रेत्याला एवढे विचारावे : मुलाने चूक केली तर पुढच्या क्षणी हे अ‍ॅप काय करते? ‘चूक’ असे दाखवून पुढे जात असेल तर ते घेऊ नये. शिक्षकाला कोणती माहिती दिसते, आणि ती दहा मिनिटांत वाचून होते का, हेही पाहावे. मुलांची माहिती कुठे जाते याचे लेखी उत्तर घ्यावे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा त्यांपैकी ८९ टक्के साधने मुलांच्या माहितीबाबत त्यांच्या हक्कांना धोका पोहोचेल असे वर्तन करत असल्याचे तिला आढळले. आणि टॅबलेट येण्याआधी शिक्षकांना निदान एक सत्र ते घरी वापरायला मिळावेत. प्रशिक्षणाचा एक दिवस ठेवून हे काम होत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. मी फळ्याचे फोटो पाठवतो. तिला ते कोणीतरी वाचून दाखवावे लागतात. काही उपाय आहे का?

आहे, आणि तो आजच करता येईल. तिच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आधीपासून असते, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर. फोटोतील हस्ताक्षर मात्र या सोयीला नीट वाचता येईलच याचा भरवसा नसतो. मजकूर टाइप करून पाठवावा आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, असावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्र ते निरर्थक अक्षरे म्हणून वाचते. आकृती पाठवताना तिच्याखाली दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे. ‘येथे दिसते त्याप्रमाणे’ असे न म्हणता काय दिसते ते बोलावे. आकृतीत नेमके काय पाहायचे हे शब्दांत सांगितले की डोळस मुलांनाही ती अधिक नीट कळते, हा माझा ठाम अनुभव आहे.

प्रश्न : मी भाषा शिकवते. गेल्या वर्षापासून निबंध एकसारखे, निर्दोष आणि निर्जीव येऊ लागले आहेत. मुले ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात हे उघड आहे. बंदी घालावी का?

आपली चिंता रास्त आहे. तुर्कस्तानमधील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या वेळी काहींना नेहमीसारखा चॅटबॉट दिला. त्यांनी सरावात ४८ टक्के अधिक चांगली कामगिरी केली, परंतु चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने बांधलेला होता. तो उत्तर न सांगता इशारे देत असे. त्या गटाने सरावात त्याहूनही पुष्कळ अधिक, म्हणजे १२७ टक्के चांगली कामगिरी केली आणि परीक्षेत त्याची पीछेहाट झाली नाही. साधन एकच होते. विचार कोणी करायचा, ही वाटणी निराळी होती.

हा प्रयोग गणिताचा आहे, निबंधाचा नाही, हे मान्य करूनही मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. घरून लिहून आणलेला तयार निबंध हा आता विद्यार्थ्याच्या विचारांचा पुरावा राहिलेला नाही आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या यंत्रांवर विसंबून मुलांना दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, कारण ती यंत्रे कधी कधी प्रामाणिक लेखनालाही खोटे ठरवतात. एका निरपराध मुलीला तिचेच वाक्य तिचे नाही असे सांगितले गेले, तर ती पुन्हा मन लावून लिहील अशी आशा ठेवता येणार नाही.

तेव्हा पुरावा दुसरीकडे शोधावा. पहिला खर्डा वर्गात, कागदावर, १५ मिनिटांत लिहून घ्यावा. तो ओबडधोबड असला तरी विद्यार्थ्याचा स्वतःचाच असेल. घरी जाऊन त्या खर्ड्यावर चॅटबॉटला फक्त प्रश्न विचारायला लावावेत : माझ्या म्हणण्यात कुठे पुरावा कमी पडतो, वाचकाला कोणते वाक्य कळणार नाही. त्या प्रश्नांपैकी कोणते पटले आणि कोणते पटले नाहीत, हे विद्यार्थ्याने स्वतः चार ओळींत लिहावे. शेवटी प्रत्येकाने निबंधातील स्वतःला सर्वांत आवडलेले एक वाक्य निवडावे आणि ते तसेच का ठेवले, हे एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशात सांगून आपल्याला पाठवावे. दर निबंधाला सर्व संदेश ऐकणे जमणार नाही. वर्गातील दहाच ऐकावेत, पुढच्या वेळी दुसरे दहा. कोणाचे ऐकले जाणार हे आधी सांगू नये.